जायकवाडीच्या बॅकवॉटरला सोलर-बॅटरीची होडी: माझा अनुभव, हिशोब आणि काही शंका

गाळपेर
राम राम मंडळी. लई दिवस लिहायचं होतं, आज बसलोच. आमचं गाव नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याच्या काठाला. मूळ गाव आजोबांच्या वेळेला पाण्याखाली गेलं, धरण १९७६ ला पुरं झालं त्याच्या आगंमागं, आणि जी जमीन उरली ती पाण्याच्या दोन्ही अंगाला अशी तुटली की समोर दिसतीय, हाक मारली तर ऐकू जाईल असं वाटतं, पण रस्त्यानं जायचं म्हणलं तर चाळीस किलोमीटरचा वळसा. पाण्यातून सरळ तीन किलोमीटर.

पावसाळ्यानंतर पाणी मागं सरकायला लागलं की उघड्या पडलेल्या गाळावर आम्ही हरभरा, गहू, टरबूज करतो, त्यालाच गाळपेर म्हणतात, नाव तिथूनच घेतलंय. बियाणं, माणसं, शेळ्या, सगळं होडीतून. आधी सगळं वल्ह्यावर. वडलांचे खांदे गेले त्या वल्ह्यात.

दोन वर्षांमागं पहिला प्रयोग केला. मालवाहू ई-रिक्षाची ४८ व्होल्ट ३ किलोवॅटची मोटर आणि घरच्या इन्व्हर्टरच्या वापरलेल्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या, १५० एएचच्या (अँपियर-तास). कागदावर सात युनिट. पण ते १५० एएच वीस तासात सावकाश काढले तर मिळतात, दोन-अडीच तासात ओढायला गेलं की लेड ॲसिड निम्म्याच्या थोडं वर जाऊन बसते, त्यात जुन्या, त्यात चार बॅटऱ्यांचं वजन सव्वादोनशे किलो, होडी चार बोटं खाली बसलेली. तिसऱ्या फेरीला दुपारचं वारं सुटलं, मी थ्रॉटल पूर्ण पिळलेला, आणि मधोमध व्होल्टेज पडून मोटरचा कंट्रोलर बंद. आई होडीत होती. दोन तास वल्हं मारून काठ गाठला. आई एक शब्द बोलली नाही पण तिनं होडीचा काठ कसा धरला होता ते मी विसरलेलो नाही.

त्यानंतर सगळं सोडून पहिल्यापासून हिशोब केला. आता गेल्या दिवाळीपासून दुसरी होडी चालू आहे, २० फुटी फायबरची, ५१.२ व्होल्ट १०० एएचची लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी, वर ५४० वॅटची दोन पॅनल, मोटर तीच. चांगली चालतीय. पण आता गावातले लोक म्हणायलेत की मोठी करू, बायका-पोरं, शाळेची मुलं सगळ्यांना नेऊ, आणि तिथं माझी हिंमत अडते. म्हणून धागा काढला. ज्यांना यातलं कळतं त्यांनी मोकळेपणानं सांगा, चुकत असंल तर चूक म्हणा.

डावा_कालवा
लई भारी काम दादा. एक विचारू का, मी परभणीकडचा, आमच्या शेताला जायकवाडीचा डावा कालवा लागून आहे. यूट्यूबवर इंग्लंडच्या कालव्यात लांबलचक बोटी चालताना बघितल्या, लोक त्यात राहतात सुद्धा, आता त्या बी बॅटरीवर करायलेत. मग आपल्या कालव्यात अशी होडी काहून चालत नाही? पाणी सुटलं की ऊस, सोयाबीन काहीबी नेता येईल.

निवृत्त_शाखा_अभियंता
डावा_कालवा, पाटबंधारेत तीस वर्षं काढली म्हणून सांगतो, हा विचार मनातून काढून टाका आणि पोरांनाही सांगा. आपला कालवा पाणी वाहून न्यायला बांधलाय, होडीसाठी नाही. डावा २०८ किलोमीटर, उजवा १३२ किलोमीटर माजलगावपर्यंत, आणि दोन्हीला उतार आहे, पाणी धावतं. मधे क्रॉस रेग्युलेटर म्हणजे पाणी अडवायचे दरवाजे, फॉल म्हणजे पाण्याची उडी, नाल्याखालून जाणारे सायफन. सायफनच्या तोंडाशी होडी गेली तर होडी आणि माणूस दोन्ही आत ओढले जातात. अस्तर गुळगुळीत, शेवाळलेलं, पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही, मी माझ्या डोळ्यांनी बाहेर काढलेली प्रेतं विसरू शकत नाही. आणि आवर्तन संपलं की कालवा कोरडा.

इंग्लंडचे कालवे मुळात मालवाहतुकीसाठी खोदलेले. पाणी जवळजवळ उभं असतं, चढ-उताराला लॉक असतात, म्हणजे दोन दरवाजांची पेटी, होडी आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, होडी वर-खाली. आपल्या देशात असे कालवे झाले नाहीत असं नाही. १८५४ ला सुरू झालेल्या गंगा कालव्यावर नावांसाठी लॉक होते, आंध्रात गोदावरी-कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशातल्या कालव्यांतून नावा चालायच्या. पण मराठवाड्यात ती सोय कधीच केली नाही. गाळपेर यांचं मात्र वेगळं आहे, ते उभ्या पाण्यात आहेत.

लातूरकर_बर्मिंगहॅम
धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा लातूरचा, बर्मिंगहॅमला राहतो, इथं कालवा घरामागून जातो. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राची अशी बोट आहे, नॅरोबोट म्हणतात, मागच्याच वर्षी त्यानं डिझेल इंजिन काढून इलेक्ट्रिक केली, मी चार-पाच शनिवार-रविवार हाताखाली काम केलंय.

आकडे सांगतो म्हणजे गाळपेर यांना उपयोग होईल. बोट ५७ फूट लांब, फक्त ६ फूट १० इंच रुंद कारण लॉक सात फुटांचे, पोलादाची, वजन सतरा-अठरा टन. आणि एवढं धूड कालव्यात चालवायला लागतं किती, तर ३ ते ४ किलोवॅट! आपल्या विहिरीवरच्या ५ एचपीच्या मोटरएवढं. कारण वेग. इथं कालव्यात ताशी ४ मैलांची मर्यादा आहे, साडेसहा किलोमीटरच्या आत, प्रत्यक्षात लोक पाचनंच जातात, काठानं चालणारा माणूस बोटीच्या बरोबर चालतो. इंजिनं यायच्या आधी अशीच बोट पंचवीस टन कोळसा भरून एक घोडा काठावरून दोरीनं ओढायचा. एक घोडा. आपल्याकडं मोटेला दोन बैल लागायचे, आणि इथं एक घोडा पंचवीस टन. पाणी हळू जाणाऱ्याला फार स्वस्तात नेतं.

अजून एक, बॅटरीची बोट ही नवी गोष्ट नाहीच. १८३८ ला रशियात सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीवर याकोबी नावाच्या शास्त्रज्ञानं बॅटरीवर बोट चालवून माणसं फिरवली होती. आणि इथंच, स्टॅफर्डशायरला हेअरकॅसल म्हणून कालव्याचा बोगदा आहे, त्यात धुराचा त्रास म्हणून १९१४ पासून इलेक्ट्रिक टग, म्हणजे बाकीच्या बोटी ओढणारी बोट, लावला होता, सुरुवातीला त्याच्या मागं बॅटऱ्यांनी भरलेली एक वेगळी नाव बांधलेली असायची. पुढं वरून तार टाकली. १९५४ पर्यंत चाललं ते.

इथली अडचण उन्हाची. डिसेंबरात पॅनल असून नसल्यासारखी, मित्राला जेट्टीवरच्या प्लगवर किंवा डिझेल जनरेटरवर जावं लागतं. तुमच्याकडं तर ऊन फुकट पडलंय.

गाळपेर
लातूरकर भाऊ, त्या घोड्याचं वाचून मी वडलांना वाचून दाखवलं. ते म्हणले, मग आम्ही काय वेगळं करत होतो.

तुमचं म्हणणं मपल्या आकड्यातून तंतोतंत निघतं. जीपीएस आणि अँपियर मीटर लावून शांत पाण्यात मोजलंय, तीन माणसं आणि दोन पोती घेऊन. ताशी साडेपाच किलोमीटरला १४ अँपियर, म्हणजे ७०० वॅट. सातला २८ अँपियर, दुप्पट. साडेआठला ५७ अँपियर, म्हणजे २.९ किलोवॅट, चौपट! वेग जेमतेम दीडपट झाला आणि करंट चौपट. अडाण्यासारखं सुरुवातीला मला वाटलं मोटरमधे फॉल्ट आहे, मग वाचल्यावर कळलं की पाण्यात ताकद वेगाच्या घनाच्या हिशोबानं लागते, आणि २० फुटी होडी ताशी दहा किलोमीटरच्या जवळ जायला लागली की स्वतःच्याच लाटेवर चढायला बघती, तिथं तर कितीबी ताकद घाला, फक्त पाणी उकरलं जातं.

बॅटरीत ५.१ युनिट, त्यातले चार वापरायचे धरले तर साडेपाचच्या चालीनं ३१ किलोमीटर, साडेआठच्या चालीनं १२. तीच होडी, तीच बॅटरी. तीन किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागतात का वीस, एवढाच फरक. आता मी कंट्रोलरला करंटची मर्यादा घालून ठेवलीय, थ्रॉटल कितीबी पिळला तरी ३० अँपियरच्या वर जात नाही, त्याच्या वरचं एका वेगळ्या बटनावर, वारं आलं तरच.

दिवसाला चार फेऱ्या, बारा किलोमीटर, दीड युनिट. पॅनल उन्हाळ्यात साडेचार युनिट देतात, आभाळ आलेल्या आषाढात एक-दीड. म्हणजे पावसाळ्यात बी कसंबसं भागतं.

वाळूज_एमआयडीसी
मला एक कळत नाही, एवढा खटाटोप कशाला? ५ एचपीचं पेट्रोल आउटबोर्ड लावा, वीस लिटरचा कॅन ठेवा, काम फत्ते. आणि सोलरच पाहिजे तर पॅनल काठावर बसवा, मोठी बसवता येतील, होडी तिथं आणून चार्ज करा. डोक्यावर पॅनल घेऊन कशाला फिरायचं.

गाळपेर
भाऊ प्रश्न रास्त आहे, मी बी आधी असंच ठरवलं होतं. पण काठ कुठाय? हाच तर आमचा सगळा त्रास आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण १५२२ फुटाला भरलं की पाणी मारुतीच्या देवळापाशी, मे महिन्यात तेच पाणी दीड-दोन किलोमीटर आत, आणि मधे गुडघाभर चिखल. काठावर खांब रोवला, पॅनल बसवलं, तर चार महिने ते पाण्यात आणि चार महिने पाण्यापासून मैलभर लांब. विजेचा खांब आणायचा तर तीच गत. म्हणून पॅनल होडीवरच पाहिजे, पाणी जिकडं जाईल तिकडं चार्जिंग बरोबर. शिवाय होडी दिवसभर उन्हातच तर बांधलेली असती.

पेट्रोलचं म्हणाल तर पंप २२ किलोमीटरवर, कॅनमधे द्यायला पंपवाला कुरकुर करतो, आणि आम्हाला रोज तीच तीन किलोमीटरची वाट हळू चालायची आहे. पूर आला, कुणाला वाचवायला जायचं असलं तर पेट्रोल इंजिनच पाहिजे, तिथं मी बॅटरीचं नाव घेणार नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता
बरोबर बोललात. जिवंत साठा संपेपर्यंत जायकवाडीची पातळी पंचवीसेक फूट खाली येते, आणि आपलं धरण उथळ पसरट, पंचावन्न किलोमीटर लांब, सत्तावीस किलोमीटर रुंद, त्यामुळं एक फूट पातळी उतरली तरी काठ किती तरी सरकतो. कोयनेसारख्या डोंगरातल्या धरणात हे एवढं जाणवत नाही.

भोईवाडा
आमी चार पिढ्या मासे धरतो. गाळपेर भाऊ तुमी जे करायलात ते आमच्या कामाचं आहे पण दोन गोष्टी सांगतो. एक, पंख्यात जाळं. नायलॉनचं जाळं पंख्यात गुतलं की शाफ्टाला आसं आवळून बसतं की सुरीनं कापाया लागतं, आणि इंजिन तरी बंद पडतं, ही इलेक्ट्रिक मोटर बंद न पडता जोर लावीत राहती आन जळती, आमच्या एका पोराची तशी जळाली. दुसरं जलपर्णी. तिच्यात शिरलं की संपलं.

आन तिसरं सांगायचं राहिलं, आमचे बरेच जण अजून थर्माकोलच्या ताफ्यावर नाहीतर चप्पूवर जातात, त्येंच्याकडं वीस फुटी होडीच नाही. मोटर लावायची कशावर?

गाळपेर
मामा, जाळ्यासाठी पंख्याच्या पुढं शाफ्टावर लेथवाल्याकडून एक कडं बसवून घेतलंय, त्याला पातं आहे, गुंतायला लागलं की दोर कापला जातो. पूर्ण उपाय नाही, निम्मा आहे. शाफ्ट लांब आहे आणि बिजागरीवर वर उचलता येतो, जलपर्णी दिसली की उचलायचं, वल्हं घ्यायचं, पार करायचं. होडीच्या बुडाला भोक पाडलेलंच नाही, त्यामुळं ग्लँडमधून, म्हणजे शाफ्टाच्या भोकाच्या सांध्यातून, पाणी झिरपायचा प्रश्न बी नाही. आणि करंटची मर्यादा जी घातलीय ती मोटर जळण्यावर बी उपाय आहे, पंखा अडकला तरी ३० अँपियरच्या वर जाणार नाही, तेवढ्यात माणूस थ्रॉटल सोडतो.

पंखा मोठा आणि हळू घ्या, हे मात्र सगळ्यांना सांगतो. मोटर ३००० फेऱ्यांची, तिला बेल्टवर एकास तीन उतरवून हजारावर आणली आणि १३ इंची पंखा लावला, आधी ७ इंची डायरेक्ट लावला होता, त्याच करंटमधे ताशी दीड किलोमीटरचा फरक पडला.

ताफ्याचं तुम्ही म्हणलात ते खरंय मामा. त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

सोलरवाला_जालना
पॅनल जोडणीवर लिहितो, कारण याच चुकीनं लोकांचे पैसे जातात. ५४० वॅटचं पॅनल कामाच्या वेळी साधारण ४१ व्होल्ट देतं. तुमची बॅटरी चार्ज व्हायला ५६-५७ व्होल्ट लागतात. म्हणजे एक पॅनल किंवा दोन पॅरलल जोडले तर साधा एमपीपीटी, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधला चार्जिंग कंट्रोलर, चार्जच करणार नाही, आणि माणूस म्हणत बसतो पॅनल खराब निघालं. दोन सिरीजमधे घ्या, ८२ व्होल्ट. पण आता दुसरी बाजू. ओपन सर्किटला, म्हणजे काही ओढत नसताना, एकेक पॅनल ४९-५० व्होल्ट, सिरीजमधे शंभर, आणि डिसेंबरच्या सकाळी जेव्हा आपल्याकडं दहा डिग्री असतं तेव्हा अजून वाढतं, १०३-१०४. दुकानदार १०० व्होल्टचा कंट्रोलर हातात देतो, तो पहिल्याच थंडीत उडतो. १५० व्होल्टचाच घ्या.

मे महिन्यात उलट. पॅनल ६५ डिग्रीला तापतं, २५ च्या वर दर डिग्रीला ०.३५ टक्का जातो, म्हणजे चौदा टक्के गेले. पाण्यावर वारं लागतं त्यामुळं छतापेक्षा थोडं बरं, आणि मधे फट ठेवा.

बॅटरी मात्र उन्हात ठेवू नका, फळीखाली, झाकून, पण हवा खेळती. बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट, चार्जिंग पंचेचाळीस-पन्नास डिग्रीला बंद करायला लागतं, आपल्या मे महिन्यात बंद डब्यात तेवढं सहज होतं. आणि फ्यूज कुठला टाकलाय?

गाळपेर
सर, १५० चाच आहे. फ्यूज १२५ अँपियरचा डीसी, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका विताच्या आत. बीएमएसचा धडा आधीच मिळालाय. आधी ज्या दुकानातून पॅक घेतला त्यानं ५० अँपियरचा बीएमएस टाकून दिला होता, १०० म्हणून सांगून. वाऱ्यात ५५ ओढले की सगळं एकदम अंधार, मोटर बी, दिवा बी. पॅक खोलून घेतला, दुसरीकडून १०० चा टाकला. आणि दिव्याला, मोबाईल चार्जिंगला आता वेगळी छोटी बॅटरी आहे.

सोलरवाला_जालना
हे सगळ्यात महत्त्वाचं लिहिलंत. मोटरच्या कंट्रोलरची मर्यादा बीएमएसच्या बरीच खाली पाहिजे, म्हणजे आधी मोटर मंद होते, अचानक मरत नाही. आणि कुणी पैसे वाचवायला घरातला एसीचा एमसीबी टाकू नका. डीसीचा आर्क, म्हणजे तुटताना पडणारी मोठी ठिणगी, त्यात विझत नाही, डबा पेटतो. होडीत आग लागली तर पळायला जागा नसते.

कोचीतला_परभणीकर
मी कोचीला नोकरीला आहे. इथल्या आदित्य नावाच्या सोलर बोटीनं मी कितीतरी वेळा गेलोय, वैकम ते तवणकडवू. जानेवारी २०१७ पासून चालू आहे, ७५ सीटची, छतावर २० किलोवॅटची पॅनल, राज्याच्या जलवाहतूक खात्याची, अडीच किलोमीटर पंधरा मिनिटात. आत बसलं की पहिल्यांदा काय जाणवतं तर शेजारच्याचं बोलणं ऐकू येतं. जुन्या डिझेल बोटीत कान किटायचे आणि डिझेलच्या वासानं मळमळायचं.

दोन बारीक नळ्यांसारख्या बुडांवर ती उभी आहे, कॅटामरान. बूड बारीक असल्यानं पाणी कमी अडतं आणि दोन बुडं लांब लांब असल्यानं डुलत नाही, वर पॅनलला रुंद छत मिळतं. गाळपेर, मोठी होडी करायची तर याच अंगानं बघा. २०२३ ला सुरू झालेली कोची वॉटर मेट्रो मात्र वेगळ्या विचारानं केलीय, जेट्टीला लागली की दहा-पंधरा मिनिटात चार्ज. ते तुम्हाला चालणार नाही, इथं समुद्राजवळचं पाणी, पातळी फार हलत नाही, जेट्टी जागेवर राहते.

हिंगोलीचा_नौसैनिक
नेव्हीत सतरा वर्षं होतो. आतापर्यंत सगळं वीज आणि वेगावर झालं, मला माणसं बुडण्याबद्दल बोलायचंय.

दोन पॅनल म्हणजे ५५ किलो डोक्यावर, शिवाय अँगलचा सांगाडा. बॅटरी ४८ किलो तळाला, ते चांगलं. पण माणूस उभा राहिला की सगळं वरचं वजन वाढतं, आणि होडी कलली की तेच पॅनल वाऱ्याला पाठ देतं, पाच चौरस मीटरचं शीड झालं ते. नाथसागरावर वाऱ्याला अडवायला काही नाही, दुपारी लाट उठते ती समुद्राची आठवण करून देते. म्हणून छप्पर बसल्या माणसाच्या डोक्यावर एक वीत, त्याच्या वर नको. उभं राहताच येऊ नये.

आणि एक चाचणी करा, काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात. जेवढी माणसं नेणार तेवढी सगळी एकाच कडेला बसवा. पोरं एखादा पक्षी किंवा साप दिसला की अशीच एका बाजूला पळतात. होडीचा काठ पाण्यापासून एक वीत तरी वर राहिला पाहिजे. राहिला नाही तर माणसं कमी करा. बुडात पाणी साठू देऊ नका, साठलेलं पाणी कलत्या बाजूला धावतं आणि उरलंसुरलं तेच करतं. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि ते अंगात, फळीखाली रचलेलं नाही.

कायद्याचं पण बघा. इनलँड व्हेसल्स ॲक्ट २०२१ मधे यंत्रावर चालणाऱ्या होडीची नोंदणी आणि तपासणी आहे, इलेक्ट्रिक म्हणून सूट नाही. स्वतःच्या शेतावर जाणं वेगळं आणि लोकांना नेणं वेगळं. लोक नेणार असाल तर कागद करूनच.

रोहितपक्षी
पक्षी बघायला दरवर्षी येणाऱ्यांच्या वतीनं लिहितो. हे पाणी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, त्यामुळं वन खात्याशीही बोलून घ्या. थंडीत रोहित, पट्टकादंब उथळ पाण्यात उतरतात, पेट्रोल इंजिनाच्या आवाजानं अख्खा थवा उठतो आणि त्यांची खायची वेळ जाते. तुमची होडी आवाज करत नाही हे फार मोठं आहे, पण आवाज नाही म्हणून थव्याच्या अगदी जवळून जाऊ नका, अचानक समोर आलेल्या होडीला ते जास्त घाबरतात. लांबून वळसा घ्या.

गंगाथडीची_लेक
मी शाळेत शिकवते, गंगापूर तालुक्यात. २०२३ मधे भिव धानोऱ्याच्या लेकरांची बातमी सगळ्यांनी वाचली असेल, थर्माकोलच्या ताफ्यावर बसून, हातानं पाणी मारत शाळेला यायची. बातमी आली, फोटो आले. भोईवाडा मामांनी ताफ्याचं लिहिलं आणि कुणी पुढं बोललं नाही म्हणून मी लिहितेय. त्या वयाच्या लेकरांना वर्गात रोज बघते मी. पावसात दप्तर पॉलिथिनमधे गुंडाळून आणलेलं असतं. पुस्तकं कोरडी, पोरगं ओलं.

म्हणून गाळपेर दादा, हिंमत अडते म्हणालात ते चांगलंच आहे, अडू द्या, पण सोडू नका. मला वेगाचं काही नाही. पस्तीस मिनिटं लागली तर लेकरं पाढे म्हणतील. मला चढण्या-उतरण्याचं सांगा. साडी नेसलेली म्हातारी बाई चिखलातून होडीत कशी चढणार? आमच्याकडं पडतात त्या पाण्यात नाही, काठाला पडतात.

गाळपेर
ताई, तुमचं वाचून काल रात्रभर विचार केला. आज सकाळी नौसैनिक सरांनी सांगितलेली चाचणी केली. आठ माणसं एका कडेला बसवली, काठ पाण्यापासून चारच बोटं राहिला. सहा बसवली तर वीतभर राहिला. म्हणजे ही होडी सहा जणांची, चालवणारा धरून. गावात मी आठचं सांगून बसलो होतो, आज ग्रामपंचायतीपाशी जाऊन सहा म्हणून सांगितलं. काही जण नाराज झाले. छप्पर बी एक फूट खाली घेतोय, वेल्डिंगवाला उद्या येतोय.

शाळेच्या पोरांसाठी हीच होडी ओढून ताणून मोठी करायची नाही असं ठरवलंय. कोचीतल्या भाऊंनी सांगितलं तशी दोन बुडांची, बारा सीटची, तिचं डिझाइन बोटीचं शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं, सही-शिक्क्याचं, आणि नोंदणी. पैसे जमवायला वेळ लागंल. या होडीचं सांगतो म्हणजे अंदाज येईल, होडी सोडून बॅटरी, मोटर-कंट्रोलर, पॅनल, सांगाडा, वायरिंग मिळून मला एक लाख साठ हजार लागले, त्यातले निम्मे एकट्या बॅटरीचे.

भोईवाडा
पैशाचं सोसायटीत बोलू. आमच्या लेकरांचा बी त्योच रस्ता आहे. आन चालवायला माणूस लागला तर मपला पुतण्या आहे, पाणी वळखतो, कुठं जुन्या गावाच्या भिंती खाली आहेत ते त्याला पाठ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या भिंतीलाच पंखे लागतात, ते तुमच्या जीपीएसात नाही.

गाळपेर
मामा, पुतण्याला रविवारी पाठवा. भिंती आणि जुन्या विहिरींच्या जागा त्याच्याबरोबर फिरून मोबाईलात टिपून घेऊ, आणि तिथं बांबूला लाल फडकं बांधू.

ताई, चढायचं असं केलंय. नाकाकडच्या बाजूला सात फुटी फळी, बिजागरीवर, काठ आला की पुढं टाकायची. दीड फूट रुंद, वर आडव्या पट्ट्या मारल्यात घसरू नये म्हणून. आज आईला त्यावरून चढवलं. ती म्हणाली एका बाजूला धरायला काठी पाहिजे, कमरेएवढी, आणि फळी अजून वीतभर रुंद कर, डोक्यावर टोपलं असलं की पाय कुठं पडतो ते दिसत नाही.

गंगाथडीची_लेक
काठी दोन्ही बाजूला करा दादा. एका हातात लेकरू असतं.

गाळपेर
हो ताई. दोन्ही बाजूला करतो.